पाच जहाजं आणि एक नंदी : खेळाच्या भविष्यकाळाच्या नोंदी

८ जून

पहिला खेळ फसला.

तीन महिने राबून इसवी सन २०९० ते ३३०० असा तक्ता केला होता. ६४ नोंदी, रंगीत छापून हॉलच्या भिंतीवर चिकटवलेल्या. खेळायला चौघं : मावसभाऊ, धाकटी बहीण, शाळेपासूनचा मित्र आणि त्याची बायको. मी सूत्रधार : जग आणि प्रसंग मी सांगायचे, चौघांनी एकेक पात्र होऊन काय करायचं ते बोलायचं, जमलं का ते फाशांवर ठरायचं. (गेममास्टर हा शब्द आमच्यात कुणाच्या तोंडात बसत नाही.) चहा होईपर्यंत सगळ्यांनी तक्ता वाचला. मावसभाऊ म्हणाला, "भावा, खेळायचंय का एमपीएससीला बसायचंय?"

पुढं तसंच झालं. चौघं एका ओसाड अवकाशस्थानकात शिरली. "हे कुणी बांधलं?" मी तक्त्यात बघून सांगितलं. "मग सोडून का गेले?" तेही सांगितलं. तासाभरात प्रश्न संपले. फासे दोनदा पडले, तेही दार उघडायला. मित्राच्या बायकोनं फोन बाहेर काढला तेव्हाच मी आवरतं घ्यायला पाहिजे होतं.

११ जून

लाल पेन घेऊन तक्ता परत वाचला. महासंघ, साम्राज्य, दुसरं साम्राज्य, महामंडळांचं युद्ध. एकूण १९ युद्धं, आणि एकाचंही कारण लिहिलेलं नाही. "२४७१ : मंगळावर बंड." कशापायी? पगार थकले, पाणी तोडलं, का पोरं उचलून नेली? मलाच ठाऊक नाही. तिथं बराच वेळ काही घडलं नव्हतं म्हणून बंड टाकलेलं.

नियम केला : सन लिहिला की शेजारी ‘कुणाचं काय गेलं’ हा रकाना भरायचा. भरता आला नाही तर सन खोडायचा. रात्री साडेअकरापर्यंत ३७ खोडले.

१९ जून

प्रकाशापेक्षा वेगानं पळणारी इंजिनं काढून टाकली. ज्या कोल्हापुरात जयंत नारळीकर जन्मले (१९३८) तिथं बसून ते धाडस होईना, हे एक. दुसरं म्हणजे त्या इंजिनामुळंच सगळं स्वस्त झालं होतं. कुठूनही कुठंही चार दिवसांत पोचलं, की मागं राहिलेल्याचं दुःख नाही आणि पुढं गेलेल्याचा धाक नाही.

मग खरा हिशोब. सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा, ४.२५ प्रकाशवर्षं. व्हॉयेजर १ यान सेकंदाला १७ किलोमीटरनं पळतंय. त्या वेगानं तेवढं अंतर कापायला ७५ हजार वर्षं लागतील. म्हणजे वेग वाढवायला हवा. पण किती, आणि तो कुणाच्या खर्चानं? ऊर्जा ज्यूलमध्ये लिहिली तर आमच्यात कुणालाच काही वाटत नाही, म्हणून कोयनेत लिहिलं. कोयनेची वीज १,९६० मेगावॉट. सगळे टप्पे पूर्ण ताकदीनं चालवले आणि एक युनिटही वाया गेलं नाही असं धरलं, तर एक किलो वजनाला प्रकाशाच्या ५ टक्के वेग द्यायला सोळा तास लागतात. १ टक्का वेग द्यायला ३८ मिनिटं.

एक टक्का धरला. जहाज दहा हजार टनाचं. कोयना सव्वासातशे वर्षं चालवायला लागेल. थांबायला परत तेवढीच. एका जहाजाला.

बहिणीनं ऐकलं आणि विचारलं, "म्हशी नेणार काय?" गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून घेतलेलं दूध पिऊन वाढलेली पोरगी ती, दुसरं काय विचारणार. पाचशे किलोची म्हैस म्हणजे कोयनेचे तेरा दिवस, थांबणं धरून सव्वीस. मी म्हणालो नाही. ती म्हणाली, "मग मी येत नाही जा."

म्हशी न्यायच्या. एका जहाजात. यावरनं निघताना भांडण झालं असणारच, आणि या भांडणाचा ‘कुणाचं काय गेलं’ रकाना आपोआप भरला : एका म्हशीच्या वजनात सात-आठ माणसं बसतात.

२२ जून

१ टक्का वेगानं प्रवास ४२५ वर्षांचा. हा आकडा नुसता ऐकला तर पोकळ वाटतो. उलटं मोजलं. एकनाथ महाराज गेले १५९९ साली. तेव्हा निघालेलं जहाज आत्ता पोचतंय. शिवाजी महाराज वाटेत जन्मले, कोल्हापूरची गादी वाटेत झाली, १९४९ ला संस्थान विलीन झालं तेही वाटेतच. उतरणाऱ्या माणसाला भागवताची भाषा येते आणि खाली उभ्या पोराला रील्सची.

भाषा काय होईल यावर पानभर लिहिलं आणि फाडलं. नवे शब्द बनवायला गेलं की ते औषधांच्या नावासारखे होतात. त्याऐवजी एकच बदल ठेवला. आमच्याकडं पोरी ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. पुण्याकडचे पाहुणे ऐकून अजून हसतात. जहाजांवर ४२५ वर्षांनी तेवढंच उरलं आहे. बोलणारा बाई का पुरुष हे क्रियापदावरनं कळत नाही. खेळताना त्याचा उपयोग आहे : अंधारात किंवा रेडिओवर कोण बोलतंय याचा अंदाज येत नाही.

५ जुलै

पाऊस. कामावरनं येताना शिरोली पुलावर गाडी हळू केली, सगळेच करतात. फोनवर चार ग्रुपमध्ये एकच प्रश्न : बंधाऱ्यावर पाणी किती? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ असतं. २०१९ ला पाणी पंचावन्नच्या वर गेलं तेव्हा आमच्या गल्लीत कुणी ‘महापूर’ म्हणत नव्हतं. "पंचावन्न झालं" एवढंच म्हणायचे.

हे दोन आकडे जहाजावर न्यायचे. फूट कुणाला माहीत नाही, बंधारा कुणी बघितलेला नाही. पण टाकीतलं पाणी कमी झालं की ‘एकोणचाळीस’ची घंटा, आणखी कमी झालं की ‘त्रेचाळीस’ची. तिथं पाणी उतरायची भीती, तरी धोक्याचा आकडा मोठाच, आणि हे उलटं का, असं कुणी विचारत नाही. एखाद्याचा पारा चढला की म्हणायचं, "त्याच्या नादाला लागू नको, त्रेचाळीसवर आहे."

तक्त्यात पृथ्वी सोडायचं कारण म्हणून ‘महाप्रलय २१४०’ असं होतं. ते खोडलं. आंबेवाडी-चिखलीची माणसं एका प्रलयानं बाहेर पडत नाहीत. दर पावसाळ्यात जनावरं सोडून, गाठोडी बांधून बाहेर येतात आणि परत जातात. मग एखाद्या वर्षी कुणी परत जात नाही. माझ्या भविष्यात त्या न परतण्याला सन नाही. ‘तिसऱ्या पिढीत’ एवढंच लिहिलं.

१४ जुलै

जहाजांना नावं मिळाली. महिनाभर ‘विक्रांत’, ‘अग्निपंख’ असलं काहीतरी चाललं होतं, सगळी शाळेच्या संचलनातली. प्रयाग चिखलीला संगम आहे; कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा. पाच नद्या, पाच जहाजं. म्हशी भोगावतीवर.

आणि नाव लिहितानाच लक्षात आलं की पाचवं जहाज गुप्त आहे. मोजताना पाच, बघताना चार. हे मी शोधलेलं नाही, संगमावर कुणीही पुजारी सांगेल. पण पेन खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

२७ जुलै

कालगणना. हा दिवस पूर्ण यातच गेला आणि मला त्याची जराही खंत नाही.

रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट आजीनं सांगितलेली : नंदी रोज एक गहू पुढं सरकतो आणि एक तांदूळ मागं येतो. असं करत तो अंबाबाईच्या देवळात पोचला की जग बुडणार. लहानपणी मी दर वेळी रंकाळ्यावर गेलो की तो सरकलाय का बघायचो. आज पहिल्यांदा प्रश्न पडला की गहू मोठा का तांदूळ?

कामावरचा व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) घरी होता. ओट्यावर दहा गहू ओळीनं लावले, सरासरी ६.३ मिलिमीटर. बासमती ७.४. म्हणजे बासमती धरला तर नंदी रोज मिलिमीटरभर मागं जातोय, थेट फुलेवाडीच्या दिशेनं, जगाला काही धोका नाही. मग आईनं सणाला ठेवलेला आजऱ्याचा घनसाळ काढला. आखूड, टपोरा, डबा उघडताच वास. ४.८. हा आपल्या मुलखातला तांदूळ, गोष्टीतला तांदूळ हाच असणार. फरक दीड मिलिमीटर. वर्षाला अर्ध्या मीटरला थोडं जास्त. रंकाळा ते देऊळ किलोमीटरभर धरलं तर १,८२५ वर्षं. आईनं विचारलं तांदळाचं काय चाललंय. जगबुडी काढतोय म्हणालो. "आधी तो डबा झाकून ठेव."

तर जहाजावर एक लांब बोळ आहे. बोळात पितळेचा नंदी, बोटाएवढा. रोज पहाटे एक माणूस तो दीड मिलिमीटर सरकवतो. ४२५ वर्षांत नंदी २३३ मीटर जातो, म्हणून बोळ २३३ मीटरचा. टोकाला देव्हारा. कॉम्प्युटरला तारीख सेकंदापर्यंत ठाऊक असते, पण माणसं बोळात जाऊन बघतात. आणि आजी पोरांना सांगते, नंदी देव्हाऱ्याला टेकला की जग बुडेल. खोटं नाही सांगत. त्या दिवशी जहाजाचं जग संपणारच आहे, उतरायचं आहे.

झोपताना सुचलेलं : प्रत्येक जहाजाचा तांदूळ वेगळा असला तर? कुंभीवर घनसाळ, रोज दीड मिलिमीटर. कासारीवर जरा लांब दाण्याचा, रोज एक. दोनशे वर्षांनी दोन्ही जहाजांच्या नंदीत साडेछत्तीस मीटरचा फरक. एकीवर अर्ध्या बोळाच्या सणाची तयारी चालू आणि दुसरीवर अजून बोळाचा तिसरा हिस्साही नाही. इथं मला माझं पहिलं खरं युद्ध मिळालं, आणि त्याचं कारण पाव चमचा तांदूळ आहे.

२ ऑगस्ट

काही नाही. ओव्हरटाइम.

९ ऑगस्ट

कामावर राडा. एका व्हॉल्व्ह बॉडीचे अकरा नग एका बाजूनं भिंत जाड, दुसऱ्या बाजूनं पापडासारखे. कोअर सरकलेला. पॅटर्न (ज्यावरनं वाळूत साचा उठवतात तो नमुना) माझा, म्हणून बोलणी मला. दुपारभर मोल्डिंगच्या मिस्त्रींबरोबर वाळूत बसून बघितलं.

बाहेरच्यांसाठी : ओतकामात पोकळी आपोआप येत नाही. नग आतून पोकळ हवा असेल तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा आधी करायचा, तो कोअर. तो साच्यात ठेवायचा आणि भोवतीनं रस ओतायचा. थंड झाल्यावर वाळू फोडून काढायची, राहते ती पोकळी. पण लोखंडाचा रस वाळूपेक्षा कितीतरी जड. ओतला की कोअर बूच पाण्यावर यावं तसा वर उचलला जातो. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना साच्यात घट्ट बसणारे खुंट ठेवतात, कोअर प्रिंट. माझ्या पॅटर्नमध्ये एका बाजूचा प्रिंट आखूड पडला होता.

मिस्त्री वाळू झटकत म्हणाले, "पोकळी बी बसवायला लागती गा. सोडून दिली की तरंगती."

घरी येऊन हात न धुता तक्ता काढला. मी दोन टोकांच्या चुका करत होतो. आधी ६४ नोंदींचा भरीव ठोकळा ओतला, आत शिरायला जागाच नव्हती. जूनपासून खोडत सुटलो तर नुसती भोकं पडत चालली, आणि त्यांना धरून ठेवणारं काही नाही. ‘इथं काय झालं कुणास ठाऊक’ एवढ्यावर खेळणारा काय करणार? त्याला एका टोकाला पक्की गोष्ट हवी आणि दुसऱ्या टोकालाही पक्की गोष्ट हवी. मधलं त्यानं ओतायचं.

सरस्वतीवर लगेच करून बघितलं. अलीकडचा खुंट : निघताना पाच जहाजं, पाचही याद्या उपलब्ध, सरस्वतीवर ९१२ माणसं, नावानिशी. पलीकडचा खुंट : २१२ व्या वर्षापासून दुर्बिणीतून चारच जहाजं दिसतात, पण रोज रात्री रेडिओवर हजेरी होते तेव्हा पाचवा आवाज येतो, "हजर." मधे मी काही लिहायचं नाही.

(खोटं कशाला बोलू. दोन पानं लिहिली. सरस्वतीचं खरं काय झालं ते. वेगळ्या फाइलमध्ये ठेवलीत, कुणाला दाखवणार नाही.)

१७ ऑगस्ट

कुंभी-कासारीचं युद्ध मिटवायचं होतं. पहिल्या मसुद्यात कुंभी जिंकली आणि सगळीकडं दीड मिलिमीटर झालं. वाचून कंटाळा आला. मग घरातलंच उदाहरण आठवलं : १७३१ चा वारणेचा तह. एकाच घरातल्या दोन गाद्या, सातारा आणि कोल्हापूर, आणि मधे वारणा नदी. उत्तरेला तुम्ही, दक्षिणेला आम्ही. भांडण ‘खरा वारस कोण’ यावर होतं आणि तहानं त्याचं उत्तर दिलंच नाही, हद्द आखून दिली. दोन्ही गाद्या राहिल्या.

तसंच केलं. तांदूळ किती लांब हे तहात लिहिलेलंच नाही. फक्त ठरलं की एकमेकांच्या बोळात पाऊल टाकायचं नाही आणि लग्नाच्या पत्रिकेवर दोन्ही तिथ्या छापायच्या. याचा खेळात लगेच उपयोग होतो : कुंभीचं पात्र कासारीच्या बोळात सापडलं तर काय?

युद्ध कोण लढतं हेही बदललं. सैन्य नाही, तालमी. चार जहाजांत मिळून तेवीस तालमी, प्रत्येकीचा झेंडा, फुटबॉलचा संघ आणि जुनी दुष्मनी. पेठांचा सामना बघितलेल्याला हे समजावून सांगायला लागत नाही. मावसभावानं आपल्या तालमीचा रंग लगेच ठरवला.

तक्त्यात आता ११ सन आहेत.

३१ ऑगस्ट

पोचल्यावरचं जग. प्रॉक्सिमा बी हा ग्रह २०१६ साली सापडला. त्याचं वर्ष ११.२ दिवसांचं. चंद्र आपल्याकडं जशी एकच बाजू दाखवतो, तशी त्याची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडं. एका अर्ध्यात कायमची दुपार, दुसऱ्यात कायमची रात्र. तारा लाल, मधूनच भडकणारा. वस्ती मधल्या पट्ट्यात, जिथं सूर्य कायम क्षितिजाला टेकलेला.

सणांची वाट लागली. संक्रांत काय, पाडवा काय. संक्रांत तशीही इथंच दर ७२ वर्षांनी एक दिवस पुढं सरकते, ४२५ वर्षांत सहा दिवस गेले असते. पण किरणोत्सव? तो ऋतूला बांधलेला : ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर, मग वर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. वाटेत एखादी टाकी, एखादा मजला वाढला की किरण अडतो, दर वर्षी ती चर्चा होते.

तिथं सूर्य हलतच नाही. मग किरणोत्सव हा दिवस राहत नाही, ते ठिकाण होतं. किरण बरोबर आडवा येईल अशी जागा शोधत जायचं आणि तिथं देऊळ बांधायचं. इथपर्यंत येऊन थांबलो होतो, पण कक्षा किंचित लंबवर्तुळाकार धरली तर सूर्य जागच्या जागी थोडा वरखाली झुलतो, दर ११.२ दिवसांनी एक झोका. म्हणजे पाय, कंबर, चेहरा आणि परत खाली. अकरा दिवसांतनं एकदा किरणोत्सव! आणि देवळासमोर कुणी घर बांधायला काढलं की दंगल. पहिल्या साहसाचा विषय हाच ठेवला : देवळासमोर एक भिंत वाढतेय आणि ती रात्रीतनं कोण बांधतंय ते कळत नाही.

मित्राच्या बायकोला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "मी बांधतो ना ती भिंत." ठीक आहे.

२१ सप्टेंबर

दुसरा खेळ. भिंतीवर काही चिकटवलं नाही. प्रत्येकाला ११ सनांचं एकच पान दिलं. मधे मोकळ्या जागा मुद्दाम रुंद सोडलेल्या, पेन शेजारी.

पहिला अर्धा तास कुणी फासे हातात घेतले नाहीत, नुसतं लिहीत होते. मावसभावानं ९७ आणि १४० च्या मधे लिहिलं : "भोगावतीवर म्हशींना रोग. एक उरली." म्हैस एकटीनं वाढत नाही, पुढं दूध कसं आलं, मी विचारलं. "ते कासारीकडनं चोरलं. तहाच्या आधी." म्हणजे माझ्या तांदळाच्या युद्धामागं आता म्हैसही आहे. माझ्यापेक्षा चांगलं कारण आहे, पण त्याला तसं बोललो नाही.

बहीण शेवटपर्यंत गप्प. मग तिनं पात्राचा कागद पुढं केला. जन्मस्थानाच्या रकान्यात ‘सरस्वती’.

"अगं, ते जहाज दोनशे वर्षं कुणी बघितलेलं नाही."

"म्हणूनच की. मी सरस्वतीवरनं आलो."

"कशी आलीस? काय झालं तिथं?"

"दादा, ते तू कशाला विचारतोस? तुझ्या पानावर रिकामं आहे." कागद परत ओढून घेतला. "रात्री हजेरीला ‘हजर’ कोण म्हणतं ते मला माहिती आहे. इतरांनी काढून घ्यायचं माझ्याकडनं."

सगळे तिच्याकडं वळून बसले. पावणेदोन तास माझ्याकडं कुणी बघितलं नाही. फासे एकतीस वेळा पडले, मोजले मी. मित्राच्या बायकोची भिंत छातीपर्यंत आली.

सगळे गेल्यावर ती दोन पानांची फाइल उघडली. पहिला परिच्छेद बरा होता. पुसली.

पुढचा खेळ ५ ऑक्टोबरला. तोवर कासारीचा बोळ काढायचा आहे. आईला घनसाळ आणून द्यायचाय, अर्धा किलो.